बेळगाव : सीमेवरच्या नगरीचा संसार

आमच्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा येतो, देणगीदारांची नावे येतात, दिवंगत कार्यकर्त्यांचे ऋण मानले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या नगरीत ही संस्था उभी राहिली त्या नगरीविषयी चार गोष्टी लिहिल्यावाचून स्मरणिका पुरी होत नाही, असे आम्हांस वाटते. घराचा इतिहास सांगावयाचा आणि गावाचा सांगावयाचा नाही, हे झाडाचे वर्णन करून मातीविषयी मौन पाळण्यासारखे आहे.

बेळगावविषयी बोलताना आपण बहुधा दोनच गोष्टी बोलतो. एक येथील हवा आणि दुसरी येथील सीमा. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंची, सह्याद्रीचे सान्निध्य, भरपूर पाऊस. हवेची स्तुती खोटी नाही. सीमेचा प्रश्नही खोटा नाही. परंतु हवा आपण निर्माण केलेली नाही आणि सीमा आपण आखलेली नाही. मग या नगरीत नागरिकांनी स्वतःच्या हाताने काय निर्माण केले? काय राखले आणि काय गमावले? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तरुण वाचकांनी हा लेख पाठ म्हणून वाचावा, अशी आमची इच्छा आहे. म्हणून शेवटी काही प्रश्नही दिले आहेत.

१. बाजारपेठ आणि किल्ला

या गावाचे जुने नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे बांबू; बांबूंच्या बेटांतले हे गाव. सौंदत्तीच्या रट्ट घराण्याने आपली राजधानी येथे आणली आणि गावाला महत्त्व आले. किल्ल्यातील कमल बस्ती ही त्या काळची साक्ष. चौथ्या कार्तवीर्याच्या कारकिर्दीत, १२०४ साली, त्याचा मंत्री बीचण याने हे जिनालय बांधविले. त्या वेळचा शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

हा लेख कन्नड भाषेत आहे. तो वाचणाऱ्याचे लक्ष राजाच्या बिरुदांपेक्षा व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणगीकडे अधिक जाते. वेणुग्रामच्या बाजारातील व्यापारी संघांनी, सोनार, कापडवाले, तेलवाले यांच्यासह, आपापल्या मालावर थोडी थोडी पट्टी बसवून ती देवालयाच्या खर्चाला लावून दिली. त्या मंडळींत लाट देशाचे, म्हणजे आजच्या गुजरातकडचे, आणि मलयाळ देशाचे व्यापारीही होते. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही हे गाव एकाच मुलखाच्या लोकांचे नव्हते. कोकणचा घाट, कर्नाटकाचे मैदान आणि देश यांच्या संगमावर ही पेठ होती, आणि परमुलखातून आलेला व्यापारी गावच्या कार्याला वर्गणी देऊन गावकरी होत होता. आपल्या धर्मादाय परंपरेचे मूळ शोधावयाचे झाल्यास ते इतके मागे जाते.

पुढील राजवटींचा इतिहास विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. यादव आले, विजयनगर आले. १४७३ च्या सुमारास बहामनी वजीर महमूद गवान याने वेढा घालून किल्ला घेतला आणि तटाखाली सुरुंग लावण्यास दारू वापरली, असे इतिहासकार नमूद करतात. १५१९ साली असदखान लारीने सफा मशीद बांधली. मोगल आले, पेशवे आले, आणि एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रो याने किल्ला सर केला. किल्ल्याचे धनी इतके बदलले. पेठ मात्र चालूच राहिली. हा या इतिहासातील पहिला धडा होय.

२. एक गाव, तीन कारभार

इंग्रजांनी येथे मोठी लष्करी छावणी वसविली. १८३६ साली धारवाड जिल्ह्यातून निराळा बेळगाव जिल्हा झाला. १८४८ साली येथे सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले आणि १८५१ साली नगरपालिका आली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. दिवाबत्तीची व झाडलोटीची व्यवस्था होण्यापूर्वी तीन वर्षे या गावात ग्रंथ वाचण्याची व्यवस्था झाली होती.

आजच्या तरुणांस कदाचित ठाऊक नसेल, परंतु स्वातंत्र्यापूर्वी हे गाव तीन कारभारांत विभागलेले होते. शहरावर नगरपालिका, कॅम्पावर लष्करी छावणीचे मंडळ, आणि शहराला अगदी लागून असलेले शहापूर सांगली संस्थानाच्या ताब्यात. माणूस चालत चालत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. तिकडची फौजदारी निराळी, पट्टी निराळी. १९४८ साली संस्थाने विलीन झाली तेव्हा ही रेघ पुसली गेली. तोवर मात्र कोष्टी शहापुरात माग चालवी, त्याचा मुलगा बेळगावात शाळेत जाई आणि घरचा एखादा माणूस कॅम्पात नोकरी करी. सीमा ओलांडून संसार कसा करावयाचा, हे या गावाला १९५६ साली शिकावे लागले नाही. ते त्याला आधीपासूनच येत होते.

या काळात संस्थांची जी पेरणी झाली ती विलक्षण होती. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली. त्याच वर्षी सात शिक्षकांनी पुढाकार घेऊन कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था काढली. तिचे पुढे महाविद्यालये, रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षण यांत केवढे विस्तारलेले रूप झाले ते आपण पाहतोच. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ पत्र सुरू केले. १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय निघाले. कोणी कन्नड भाषेच्या प्रेमाने काढले, कोणी मराठीच्या. परंतु त्या वर्गांतून शिकून निघालेली मुले एकाच गावची होती.

३. लक्ष्मणरावांची गोष्ट

आता आम्ही एका अशा गोष्टीकडे वळतो, जी प्रत्येक नगरसेवकाने पाठ करावी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथला. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक होते. इकडे त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटले होते. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्यास जागा दिली, हे पाहून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. त्या दुकानाची आठवण म्हणून शहरातला किर्लोस्कर रोड आजही त्याच नावाने ओळखला जातो.

सायकली विकून ते थांबले नाहीत. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी नांगराकडे ढुंकूनही पाहीनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. तयार नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. इतक्या कष्टाने कारखाना उभा राहतो आहे तोच नगरपालिकेचा हुकूम आला : गावाच्या वाढीसाठी नवीन वस्ती करावयाची आहे, कारखान्याची जागा मोकळी करा.

नगरपालिकेचे चुकले असे एकदम म्हणता येत नाही. वाढत्या गावाला घरांची जागा हवीच होती. चूक झाली ती दुसरीकडे. जागा काढून घेणाऱ्यांनी दुसरी जागा कोठे द्यावी याचा विचार केला नाही. तो विचार औंधच्या राजांनी केला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. साप-विंचवांच्या त्या ओसाड माळावर पुढे भारतातील एक अग्रगण्य यंत्रोद्योग उभा राहिला, आणि बेळगावला त्याच्या नावाचा रस्ता राहिला.

आम्ही ही गोष्ट कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. उद्योग काय किंवा संस्था काय, गावाने आपली म्हटली तर राहते. नियमाचा कागद एका बाजूने बरोबर असतो आणि तरीही गावाचे नुकसान होते. नियम पाळताना पुढचे पन्नास वर्षांचे पाहणारा एक तरी माणूस सभागृहात असावा लागतो.

४. विहिरीचा धडा

डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रसभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सर्व उभारणी केली. मंडपाच्या परिसराला विजयनगर असे नाव दिले. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या सेवादलाचे स्वयंसेवक शिस्त राखीत होते. सफाईसाठी स्वयंसेवक पुढे आले होते आणि गांधीजींनी या सफाईचे कौतुक केले होते.

इतक्या जनसमुदायाला पाणी कोठून द्यावयाचे? तेव्हा या नगरीत धरणाचे पाणी नव्हते. सारे गाव विहिरींवर जगत होते. म्हणून अधिवेशनासाठी एक मोठी विहीर खोदण्यात आली. तिचे नाव ‘पंपा सरोवर’. खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. तीन आण्यांचा हिशेबही लिहून ठेवला गेला, हे आमच्या मते त्या विहिरीइतकेच मोलाचे आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब आण्यापर्यंत ठेवणाऱ्या माणसांनी बांधलेली वस्तू टिकते. मंडप गेला, तंबू गेले, व्याख्याने वाऱ्यावर विरली, विहीर राहिली. टिळकवाडीत ती काँग्रेस विहीर म्हणून आजही ओळखली जाते.

पुढे १९६२ साली मार्कंडेय नदीवर राकसकोपचे जलाशय झाले. मागाहून घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचे पाणीही आले. घरोघर नळ आले आणि विहिरींकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्यांत केर पडू लागला, निर्माल्य पडू लागले. मग १९९० च्या दशकात पाणीटंचाई आली तेव्हा जुन्या विहिरींची आठवण झाली. गाळ उपसून, पाण्याची तपासणी करून अनेक विहिरी पुन्हा उपयोगात आणल्या गेल्या. काँग्रेस विहीर त्यांपैकीच एक. २००८ साली शहराच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्याची चर्चा देशभर झाली. ही गोष्ट अभिमानाचीच. परंतु नळाला अखंड पाणी आले म्हणून विहीर बुजवावी, हे शहाणपण नव्हे. आजीने जपलेले भांडे नव्या सुनेने मोडीत काढले, तर पाहुणे आल्यावर शेजारी मागावयास जावे लागते.

५. माग आणि भट्टी

बेळगावच्या उद्योगाचे दोन पाय आहेत : शहापूर-वडगाव-खासबागचा माग आणि उद्यमबागची भट्टी.

मागाचा इतिहास जुना. शहापूरची साडी दूरदूरच्या बाजारांत जात असे. घरातच माग, घरातच कांड्या भरणे. बायका-मुलांसकट सारे घर धंद्यात. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. कापड वाढले, पण विणकराचे अवलंबन सूत, वीज आणि व्यापारी या तिघांवर वाढत गेले. सूत महागले की माग थांबतो. साडीला उठाव नसला की माग थांबतो. आणि माग थांबला की त्या दिवशीची मजुरी थांबते. वडगावच्या गल्लीत मागांचा खडखडाट हा कित्येकांना त्रास वाटतो. आम्हांला तो शांत झाल्यावर अधिक काळजी वाटते.

भट्टीचा इतिहास अलीकडचा. लक्ष्मणराव गेले, परंतु लोखंड हाताळण्याची विद्या या भागात राहिली. स्वातंत्र्यानंतर उद्यमबाग वसली. लहान लहान ओतकामाचे कारखाने निघाले. मोटारींचे, पंपांचे, झडपांचे भाग, आणि द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्रांची सामग्री यांसाठी बेळगावचे नाव झाले. १९६९ साली इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना येथे सुरू झाला. सह्याद्रीच्या पठारांवरचा बॉक्साइट त्याला जवळ पडे. जिल्ह्यातील हत्तरगी येथे तर आता विमानांचे सुटे भाग तयार होतात.

ओतकाम म्हणजे काय, हे मुलांनी एकदा पाहून यावे. लाकडी किंवा धातूच्या नमुन्याभोवती वाळू ठासून साचा करावयाचा, नमुना काढून घ्यावयाचा, आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतावयाचे. वाळूत ओल अधिक राहिली तर वाफेने भाग सच्छिद्र होतो. वाळू सैल ठासली तर आकार बिघडतो. ओतणाऱ्याचा हात थबकला तर आधीचे लोखंड थिजते आणि नंतरचे त्याला चिकटत नाही. दहा माणसांचे काम नीट झाले तर एक भाग निर्दोष निघतो. एकाने हलगर्जी केली तर दहांचे श्रम पुन्हा भट्टीत जातात.

या धंद्यातून वापरलेल्या वाळूचे ढीग निघतात. ते कोठेतरी रस्त्याकडेला टाकून मोकळे होण्याचीच प्रथा होती. पुढे कारखानदारांनी शासनाच्या साहाय्याने सामाईक केंद्र उभारले. तेथे वापरलेली वाळू शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणण्याची आणि मालाच्या तपासणीची सोय झाली. एकेका लहान कारखानदाराला जे परवडले नसते, ते सर्वांनी मिळून केले. १२०४ सालच्या पट्टीची ही आजची आवृत्तीच नव्हे काय?

६. सीमेचा प्रश्न आणि सभागृह

सीमेविषयी मौन पाळले तर हा लेख अप्रामाणिक होईल. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तेथून जोराने पुढे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीच्या १७ जानेवारीच्या हुतात्म्यांचे स्मरण येथील मराठी माणूस आजही करतो. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे असे सांगितले आणि महाराष्ट्राने ते मान्य केले नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ साली कर्नाटकाने येथे सुवर्ण विधानसौध उभारले. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

मातृभाषेतून शिकावे, मातृभाषेत सरकारी कागद मिळावा, ही मागणी आम्ही न्याय्य मानतो. तिच्यासाठी सनदशीर मार्गाने झटणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु आम्हांला आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आपल्याच माणसांना सांगावयाची आहे.

या वादापायी २००५ आणि २०११ साली आपले लोकनियुक्त सभागृह बरखास्त झाले. २०१९ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर निवडणूक झाली ती २०२१ च्या सप्टेंबरमध्ये. आणि ५८ प्रभागांतून निवडून आलेल्या सदस्यांना महापौर मिळाला तो २०२३ च्या फेब्रुवारीत. या सर्व काळात नाल्याचा गाळ कोणी मोजला? बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडच्या भातशेतीत पाणी शिरते. सुवासिक भाताचे उभे पीक कुजते. ते पाणी शेतकऱ्याची भाषा विचारून शिरत नाही. टिळकवाडीच्या लस केंद्राच्या आवारातील जुन्या झाडांवर कुऱ्हाड येऊ लागली, तेव्हा पुढे झालेले नागरिक मराठी होते, कन्नड होते, उर्दू बोलणारे होते, कोकणी बोलणारे होते. झाडाखाली सावलीत बसणाऱ्याला जात आणि भाषा सांगावी लागत नाही. त्या सावलीसाठी बोलणाऱ्यालाही ती सांगावी लागू नये.

हक्काची मागणी आणि घराची झाडलोट ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत. कोर्टात वाटणीचा दावा चालू आहे म्हणून कोणी घरात केर साठू देत नाही. उलट ज्याला घर आपले वाटते तोच सकाळी उठून अंगण झाडतो. बेळगाव आपले आहे हे सिद्ध करण्याचा याहून बळकट पुरावा आम्हांला माहीत नाही.

७. समारोप

या इतिहासातून आम्हांला तीन गोष्टी दिसतात. राज्ये बदलली तरी पेठ टिकली, कारण व्यापाऱ्यांनी सामाईक कार्याला पट्टी दिली. मंडप गेला तरी विहीर टिकली, कारण ती नीट बांधली आणि तिचा हिशेब ठेवला. कारखाना मात्र गेला, कारण तो राखण्याची बुद्धी वेळेवर झाली नाही. टिकलेल्या दोन गोष्टी आणि गेलेली एक, तिन्हींच्या मुळाशी राज्यकर्ते नसून नागरिक आहेत.

आमच्यासारख्या लहान न्यासाने काय करावे? विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, ती द्यावीच. परंतु शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक मुलाने वर्षातून एक दिवस एखादी विहीर, एखादा नाला, एखादे वाचनालय यांच्यासाठी द्यावा, अशी अट घातली तर ती जड होणार नाही. त्या दिवशी शेजारच्या कन्नड शाळेतील मुलांनाही बोलवावे. घमेले उचलताना हातांना भाषांतर लागत नाही.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. आपल्या वाड्यात अगर गल्लीत जुनी विहीर आहे काय? ती कोणी बांधली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.

२. लक्ष्मणरावांना जागा सोडण्याचा हुकूम देणाऱ्या सभेत आपण सदस्य असतो, तर कोणता ठराव मांडला असता?

३. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव काय? त्यांना आपण मागील वर्षभरात किती वेळा भेटलो, आणि स्वतःच्या कामाखेरीज दुसऱ्या कोणत्या कामासाठी भेटलो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने एकट्यानेच द्यावे. आम्हीही ते दिले आहे, आणि त्या उत्तराने आमची मान थोडी खाली गेली, हे कबूल करून लेख पुरा करतो.